दमट हवेत रायफल जपताना

रायफल वापरून जेवढी झिजते, त्याहून अधिक ती नुसती ठेवून खराब होते. नळीच्या आतल्या पीळदार खाचा हजारो गोळ्यांचा मारा सोसतात. तीच नळी न पुसता खोळीत घालून ठेवली, तर एका पावसाळ्यात तिला कायमचे खड्डे पडू शकतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूरच्या परिसरात बांधली गेली ती इथल्या पावसामुळेच, आणि मुरबाडच्या पूर्वेला माळशेज घाट जून ते सप्टेंबर ढगांतच असतो. वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

या भागात परवान्याची शस्त्रे अनेक कारणांनी असतात. रानडुकरांपासून भात आणि नाचणी राखण्यासाठी पीकसंरक्षणाचे परवाने दिले जातात. अशा परवान्यावर बहुधा बारा बोरची किंवा ठासणीची बंदूक असते. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर कुणाकडे .३१५ बोरची रायफल असते. हिचा बोल्ट जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीचा असून ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात तयार होते. बँकांचे आणि रोकड वाहतुकीचे सुरक्षारक्षक, माजी सैनिक, शहापूर, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे इथली पोलीस ठाणी यांच्याकडेही शस्त्रे असतात. बनावट वेगवेगळी असली, तरी पोलाद आणि लाकूड बहुतेकांत आहे, आणि ओल दोघांचीही शत्रू आहे.

पोलाद गंजण्यासाठी त्यावर पाणी सांडावेच लागते असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजण्याची क्रिया सुरू होते. आषाढ-श्रावणात या दोन तालुक्यांत आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही. म्हणजे उघडे पोलाद अहोरात्र गंजण्याच्या स्थितीत असते. त्या पातळ थरात मीठ मिसळले तर आर्द्रता कमी असतानाही गंज धरतो, आणि मीठ येते ते माणसाच्या हाताच्या घामातून. बंदूक हाताळून तशीच ठेवली, तर काही दिवसांनी नळीवर बोटांचे ठसे तांबूस डागांच्या रूपाने उमटलेले दिसतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, सच्छिद्र असतो आणि स्वतः ओल धरून ठेवतो. त्यामुळे एकदा धरलेला गंज खालच्या नव्या पोलादापर्यंत पोचतच राहतो.

नळीचा निळसर काळा रंग पाहून ती रंगवलेली आहे आणि म्हणून सुरक्षित आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो रंग म्हणजे पोलादावर मुद्दाम आणलेला लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तेल धरून ठेवण्याचे काम तो चांगले करतो, पण तेलावाचून त्याची राखण फार थोडी. म्हणूनच पितळी भांड्यांप्रमाणे बंदूक चिंच, लिंबू किंवा राखेने घासणे हा तिच्यावर सर्वांत मोठा अन्याय आहे. आम्लाने हा काळा थर विरघळतो, खालचे पांढरे पोलाद उघडे पडते, त्या दिवशी ते चकाकते आणि पुढच्या पंधरवड्यात तांबडे होते.

दुसरा धोका दवाचा. दिवाळीनंतर रात्री थंड होऊ लागतात. मुरबाडच्या डोंगरालगतच्या गावांत पहाटेचा पारा पंधरा अंशांच्या खालीही जातो. रात्रभर गार पडलेले जड लोखंड सकाळी लवकर तापत नाही, आणि उबदार दमट हवा त्याला लागली की त्यावर दव धरते. राखणीहून पहाटे परतलेल्या माणसाने बंदूक थेट कपाटात टाकली, तर हे दव खोळीत कोंडले जाते. बंदूक घरात आणल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत देखरेखीखाली उघडी ठेवावी, पुसावी आणि मगच कुलपात घालावी. एवढा अर्धा तास पुष्कळ नुकसान वाचवतो.

साफसफाईला हात घालण्याआधी एक काम कधीही टाळायचे नाही: शस्त्र रिकामे असल्याची खात्री. नळी सुरक्षित दिशेला धरून मॅगझिन रिकामे करावे, बोल्ट मागे ओढावा, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. काडतुसे त्या खोलीतून बाहेर नेऊन ठेवावीत आणि मगच पुढचे काम सुरू करावे. ठासणीच्या बंदुकीत हे जास्त जिकिरीचे असते, कारण आत बार आहे की नाही हे मागून दिसत नाही. रिकाम्या नळीत गज किती खोल जातो याची खूण गजावर कायमची करून ठेवलेली असावी. गज त्या खुणेच्या वर अडला, तर बंदूक भरलेली आहे असेच समजावे. भरलेली ठासणीची बंदूक घरात ठेवणे हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. त्यातून माणसे दगावतात. शिवाय आतली दारू ओल शोषते आणि नळीच्या बुडाशी गंज सुरू करते.

गोळी झाडल्यानंतर नळीत काय उरते, हे दारूच्या प्रकारावर अवलंबून असते. काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची बनलेली. ती जळताना तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात मागे राहतो. पोटॅशियमच्या क्षारांचा हा काळपट राप हवेतली ओल भराभर ओढून घेतो. पावसाळ्यात काळ्या दारूची बंदूक रात्रीत गंजू लागते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होत नाही. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून ठासणीची नळी पहिल्यांदा गरम पाण्यानेच धुवावी लागते, आणि नुसते तेल फासून ठेवणारा माणूस क्षारांवर तेलाचे झाकण घालत असतो. पाणी उकळते असले की नळी इतकी तापते की पुसल्यावर उरलीसुरली ओल आपोआप उडून जाते. मात्र धुतलेले पोलाद पूर्णपणे उघडे असते. ते सुकताक्षणी, गार होण्याची वाट न पाहता, तेल लावावे.

जुन्या .३०३ रायफलींच्या बाबतीतही हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने येत असे. त्यांच्या काडतुसांतल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड राहत असे, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ. ब्रिटिश काळापासून लष्करात आणि पोलिसांत गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती ती यामुळे. आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसांत हा त्रास बहुतांशी उरलेला नाही. त्यांचा राप मऊ असतो आणि तेलकट द्रवाने निघतो. तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्या मात्र खाचांवर तांब्याचा पातळ लेप ठेवतात, आणि तो काढायला खास द्रव लागतो.

नळी साफ करण्याची जुनी साधने आजही तशीच आहेत आणि त्यांच्यात सुधारणा करावी असे फारसे काही नाही. पोलीस, लष्कर आणि राष्ट्रीय छात्र सेनेत ज्याला सर्रास ‘पुलथ्रू’ म्हणतात ती दोरी, तिच्या एका टोकाला नळीतून घरंगळणारे पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फाशात फलालीन कापडाची चिंधी. पुसण्यासाठी चार इंच लांब आणि दोन इंच रुंद चिंधी, तेल लावण्यासाठी चार इंच लांब आणि दीड इंच रुंद, हे माप .३०३ च्या काळापासून चालत आले आहे. तेलाची चिंधी अरुंद असण्यामागे कारण आहे. रुंद चिंधी नळीत घट्ट बसते आणि तेल पिळून बाहेर टाकते. अरुंद चिंधी तेलाचा थर मागे ठेवत जाते. दोरी नेहमी चेंबरकडून तोंडाकडे ओढायची, आणि सरळ ओढायची. नळीच्या तोंडाची कड हा नेमबाजीचा प्राण आहे. दोरी तिरकी घासून त्या कडेला झीज आली, की रायफल कितीही चांगली असली तरी गोळी भरकटते. गज वापरायचा तर पितळेचा किंवा लाकडाचा, आणि ब्रश पितळी तारांचा. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने खाचांना इजा होत नाही.

आधी कोरडी चिंधी, मग साफ करणाऱ्या द्रवाची, मग ब्रश, आणि पुन्हा कोरड्या चिंध्या स्वच्छ बाहेर येईपर्यंत. यात घाई करण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवून पाहावी. खाचांच्या कोपऱ्यांत दडलेला राप रात्रीत सैल होऊन वर येतो, आणि आदल्या दिवशी स्वच्छ वाटलेल्या नळीतून पुष्कळदा काळी चिंधी निघते. चेंबर आणि बोल्टचे तोंड यांच्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते, कारण नळीतून उजेड आरपार दिसला की काम झाले असे वाटते. काडतूस अडकण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा चेंबरमध्येच असते.

तेलाच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. घरात असलेले तेल लावायचे, ही सवय कुलूप-कोयत्याच्या बाबतीत खपून जाते; रायफलीला ती बाधते. शेंगदाणा, तीळ, करडई यांची तेले हवेतला प्राणवायू घेऊन चिकट होतात आणि शेवटी त्यांचा लाखेसारखा थर बनतो. बोल्टच्या आतली सुई अशा थरात जड होते, टोपीवर पुरेशा जोराने आपटत नाही आणि काडतूस उडत नाही. खोबरेल तेल तुलनेने कमी चिकट होते, पण ते चोवीस अंशांच्या आसपास गोठते, म्हणजे शहापुरात हिवाळ्याच्या रात्री ते रायफलीच्या आत थिजलेले असते. खवट झाल्यावर त्यातली आम्ले पोलादाला लागतात, ते वेगळेच. गाडीतून काढलेले जळके ऑइल तर अजिबात वापरू नये. त्यात काजळी, धातूचा कीस आणि आम्ले असतात.

योग्य ते खनिज तेल. बंदुकीसाठी म्हणून विकले जाणारे तेल सर्वांत बरे, कारण त्यात गंजरोधक द्रव्ये घातलेली असतात. ते मिळाले नाही तर शिवणयंत्राचे स्वच्छ पातळ तेल चालते, पण ते लवकर ओघळते आणि उडते. म्हणून ते वारंवार लावावे लागते. डब्ल्यूडी-४० सारखे फवारे पाणी हटवण्यासाठी उत्तम आहेत. पावसात भिजलेल्या बंदुकीच्या सांध्यांतून पाणी बाहेर काढायला त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र त्यांचा मागे राहणारा थर फारच पातळ असतो. फवारा मारून महिनाभर विसरून जाणे या हवेत परवडत नाही. फवाऱ्यानंतर पुसून खरे तेल लावायचेच. रॉकेलचेही तसेच आहे. जुने घट्ट झालेले तेल आणि मळ ते छान विरघळवते, पण उडून गेल्यावर पोलाद उघडे टाकते.

काही महिने बंदूक बाहेर काढायचीच नाही असे ठरले असेल, तर तेलापेक्षा दाट आवरण हवे. पांढरी खनिज जेली, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळते ती सुगंध नसलेली पेट्रोलियम जेली, नळीच्या बाहेरून हाताला जेमतेम जाणवेल इतकी लावली तर ओघळत नाही आणि पावसाळाभर टिकते. ब्रिटिश काळात रायफली कोठारात घालताना अशीच खनिज जेली आतबाहेर भरत असत. लावण्यापूर्वी पोलाद पूर्ण कोरडे आणि ठशांविना स्वच्छ असले पाहिजे, नाहीतर ओल आवरणाखाली कोंडून आतून काम करत राहते.

किती लावावे, याचे उत्तर नेहमी वाटते त्यापेक्षा कमी असते. गंज रोखण्यासाठी हवा पोलादापर्यंत पोचू न देणारा सलग पातळ थर पुरतो. घर्षण होणाऱ्या जागा मोजक्याच: बोल्टचे खटके आणि ते ज्या खाचेत फिरतात त्या जागा, बोल्ट मागेपुढे सरकतो ती वाट, रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या नखाचा सांधा, बारा बोरच्या बंदुकीत नळी मोडते तिथली खीळ. अशा प्रत्येक ठिकाणी एक थेंब. याहून जास्त तेल धूळ आणि भाताचे तूस धरून ठेवते आणि त्याची घासणारी लापशी होते. सुईच्या आणि चापाच्या यंत्रात तेल ओतू नये. तिथले जादा तेल पुढे काडतुसाच्या टोपीत झिरपले तर काडतूस निकामी होते, आणि खाली उतरले तर दस्त्याच्या लाकडात मुरते.

दस्ता बहुधा अक्रोडाचा किंवा तत्सम कठीण लाकडाचा असतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. फुगलेला दस्ता नळीवर दाब टाकतो, आणि उन्हाळ्यात नेमके लागणारे शस्त्र पावसाळ्यात डावीउजवीकडे जाऊ लागते. त्यावर उपाय लाकडाचे स्वतःचे तेल, म्हणजे जवसाचे. उकळलेले जवसाचे तेल तळहाताने चोळून, जादा पुसून, वाळू दिले की लाकडात ओल शिरण्याचा वेग मंदावतो. जवसाचे तेल सुकून कडक होते, हाच त्याचा गुण लाकडासाठी आणि हाच दोष पोलादासाठी. म्हणून ते धातूवर जाऊ देऊ नये. खनिज तेल लाकडाला मात्र मऊ आणि काळे करते. रायफल दस्ता खाली ठेवून महिनोन्‌महिने उभी केली, तर यंत्रातले तेल हळूहळू उतरून दस्त्याच्या मानेत मुरते आणि ते लाकूड कमजोर होते. म्हणून ती नळीचे तोंड खाली करून, जाड कापडाच्या घडीवर उभी करावी किंवा आडवी ठेवावी.

आता जागेचा विचार. या भागातल्या जुन्या घरांत बियाणे आणि सुकी मासळी चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात, कारण तिथे पावसाळ्यातही कोरडे राहते. बंदुकीसाठी हा मार्ग चुकीचा आहे. धुरातली काजळी आणि आम्ले पोलादावर बसतात, उष्णतेने दस्ता तडकतो, आणि उघड्यावरचे शस्त्र घरातल्या मुलांच्या हाती लागू शकते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्याच्या अर्जाबरोबर शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते. तेव्हा कुलपाचे पोलादी कपाट ही किमान गरज आहे. कपाट भिंतीत पक्के केलेले असावे, पण भिंतीला चिकटलेले नसावे. मागे चार बोटे हवा खेळायला जागा हवी. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर बसतो आणि सिमेंटच्या घरातही त्याच भिंतींना ओल येते, म्हणून कपाट आतल्या भिंतीपाशी असावे. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीजवळ वाळवीचाही विचार करावा लागतो. लाकडी पेटी असेल तर ती जमिनीवर टेकवू नये.

खोळीबद्दल स्पष्ट सांगायला हवे: खोळ ही प्रवासासाठी आहे, साठवणीसाठी नाही. चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ले त्यात राहतात, आणि चामडे ओल धरते. फोमचे अस्तर असलेल्या पेट्या बंद केल्या की आतली दमट हवा आतच राहते. गोणपाटाची तर गोष्टच सोडा. कपाटात रायफल उघडी, तेलाचा पातळ थर असलेली, शेजारच्या वस्तूंना न टेकता उभी असावी. नळीच्या तोंडात बोळा किंवा बूच मारण्याची पद्धतही घातक आहे. त्याने आतली ओल कोंडते, आणि बूच विसरून गोळी झाडली तर नळी फाटते. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते हेही खरे. तिच्यावर उपाय बंद कपाट आणि वापरापूर्वी नळीतून आरपार पाहणे.

कपाटातली हवा कोरडी ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सिलिका जेल. हे दाणे स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ धरू शकतात. निळे दाणे ओल भरल्यावर गुलाबी होतात, नारिंगी दाणे हिरवे होतात. रंग बदलला की वेगळ्या ठेवलेल्या लोखंडी तव्यावर किंवा भट्टीत मंद आचेवर, साधारण एकशेवीस अंशांपर्यंत तापवून पुन्हा वापरता येतात. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र ते तापवू नयेत. सततच्या ओलसर हवेत दाणे आठवड्यातही भरून जातात, म्हणून कपाटाच्या फटी रबराच्या पट्टीने बंद केल्यावरच त्यांचा खरा उपयोग. दुसरा मार्ग कपाटाच्या तळाशी कमी शक्तीची उष्णता देणारी कांडी. आतले तापमान बाहेरपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त राहिले की दव धरत नाही. डोंगरालगतच्या गावांत पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, आणि गार होत जाणाऱ्या कपाटात ओल परत शिरते. तेव्हा कांडी असली तरी सिलिका जेल हवेच. कळीचा चुना ओल शोषतो म्हणून ठेवणारेही आहेत. त्याची भुकटी उडून पोलादावर बसते आणि डोळ्यांनाही अपाय करते. मीठ किंवा डांबरगोळ्या यांचा काहीच उपयोग नाही.

बोल्ट काढता येतो अशा रायफलीचा बोल्ट वेगळ्या कुलपात ठेवणे हा चोरी आणि अपघात या दोन्हींवर साधा उपाय आहे. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का, हे परत बसवताना पाहावे. प्रत्येक बोल्ट आपापल्या चेंबरशी जुळवलेला असतो, आणि दुसऱ्याचा बोल्ट बसला तरी तो सुरक्षित असेलच असे नाही. यंत्रातला स्प्रिंग ताणलेला ठेवू नये. रिकामेपणाची खात्री केल्यानंतर सुरक्षित दिशेला चाप सोडून तो सैल करावा.

काडतुसे नेहमी वेगळ्या कुलपात, मूळ डब्यात, कोरड्या जागी. त्यांना तेल लावायचे नाही. चामड्याच्या पट्ट्यात अडकवून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर महिन्याभरात हिरवा राप चढतो आणि ती चेंबरमध्ये अडकतात. बारा बोरची जुनी कागदी काडतुसे पावसाळ्यात फुगत असत. आताच्या प्लॅस्टिकच्या काडतुसांना तो त्रास नाही, पण त्यांच्याही पितळी बुडाला ओल लागतेच. हिरवी पडलेली, फुगलेली किंवा चेपलेली काडतुसे वापरू नयेत आणि फेकूनही देऊ नयेत. ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्यावीत.

वेळापत्रकाला इथला शेतीचा हंगामच सोयीचा पडतो. मृगाच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, पूर्ण साफसफाई आणि जाड आवरण. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी कपाट उघडून तेलकट कापडाने पुसणे आणि नळीतून पाहणे. भात तयार होऊ लागले की राखण सुरू होते, तेव्हा ज्या दिवशी बंदूक बाहेर गेली त्याच दिवशी पुसणे. कोरड्या महिन्यांत महिन्यातून एकदा पुरते. राखण म्हणजे रानडुकराला मारण्याची मोकळीक नव्हे, हेही इथे नमूद करायला हवे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे गुन्हा आहे, आणि पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना ही ती परवानगी नाही.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरोघर आणि पोलीस ठाण्यांतही शस्त्रांची पूजा होते. हळद, कुंकू, ओले गंध आणि झेंडूच्या फुलांचे पाणी पोलादावर राहिले, तर त्या ठिपक्यांखाली नेमके गंजाचे ठिपके तयार होतात. ज्याची पूजा केली ते संध्याकाळी पुसून, तेल लावून जागेवर ठेवणे हा पूजेचाच भाग मानावा. गंध दस्त्याच्या लाकडावर लावले, तर पोलाद मुळातच वाचते.

निवडणुकीच्या काळात शस्त्र घराबाहेर जाण्याचा प्रसंग येतो. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती परवानाधारकांचा विचार करते आणि ज्यांना आदेश होतो त्यांना शस्त्र जमा करावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची घोषणा १६ मार्चला झाली. शहापूर आणि मुरबाड ज्या भिवंडी मतदारसंघात येतात तिथले मतदान २० मे रोजी झाले, आणि मतमोजणी ४ जूनला. म्हणजे त्या वेळी जमा केलेले शस्त्र उन्हाळ्याच्या घामट हवेत अडीच-पावणेतीन महिने कोठारात राहून नेमके पावसाच्या तोंडावर परत मिळाले असणार. असे शस्त्र देताना नळी साफ करून खनिज जेलीचे आवरण द्यावे, खोळीऐवजी तेलकट कागदात गुंडाळावे, क्रमांक आणि अवस्था लिहिलेली पावती घ्यावी, आणि परत मिळाल्यावर त्याच दिवशी आवरण पुसून आतबाहेर तपासावे.

याहून जास्त काळ शस्त्र पडून राहते ते परवानाधारकाच्या मृत्यूनंतर. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे परवान्याविना शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारस स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करू शकतात किंवा शस्त्र परवाना असलेल्या व्यक्तीला विकू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणून आधीच दोन शस्त्रे असलेल्या वारसाला तिसरे घेता येत नाही. अर्ज लांबला की चांगले शस्त्र वर्षानुवर्षे कोठारात गंजते. जमा केल्यानंतर वारसांनी विक्रेत्याकडे देखभालीची लेखी व्यवस्था करणे आणि अर्ज लवकर निकाली काढून घेणे, दोन्ही हिताचे.

गंज धरलाच, तर तो वरवरचा आहे की खोल, हे आधी ठरवावे. तांबूस भुकटीसारखा वरवरचा गंज तेलात भिजवलेल्या जाड कापडाने किंवा अतिशय बारीक पोलादी लोकरीने, हलक्या हाताने आणि भरपूर तेल घेऊन निघतो. काचकागद लावू नये. तो गंजाबरोबर काळा थरही नेतो. नळीच्या आत गंजाचे काळे ठिपके पुसूनही राहत असतील, तर ते खड्डे आहेत. अशा नळीतून गोळी झाडू नये. परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागिराकडे, परवाना सोबत ठेवून आणि काडतुसांविना, ती तपासायला न्यावी; नळी कापणे, घासून मोठी करणे किंवा क्रमांकाला हात लावणे हा कायद्याने गुन्हा आहे.

वापरण्यासाठी रायफल बाहेर काढताना साठवणीचे तेल उलट काढावे लागते. नळीत आणि चेंबरमध्ये तेल किंवा जेली असताना गोळी झाडली, तर दाब अपेक्षेपेक्षा वाढू शकतो आणि पहिली गोळी भलतीकडे जाते. कोरडी चिंधी दोनदा-तीनदा ओढून नळी आणि चेंबर पूर्ण कोरडे करावे, बोल्टच्या खटक्यांवरचा थेंब तेवढा राहू द्यावा, आणि तोंडाकडून नव्हे तर चेंबरच्या बाजूने उजेडाकडे पाहून नळी मोकळी असल्याची खात्री करावी.